पाश्चात्त्यांचा बुद्ध : श्रद्धा आणि शील



युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी गेल्या पावणेदोनशे वर्षांत बुद्धाचे जे चित्र रंगवले, त्याविषयी आज बोलावयाचे आहे. या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार पंडितांचा, हे आम्ही जाणतो. आमचे शिक्षण शाळेत जेथे थांबले तेथून पुढचे सारे गावच्या वाचनालयात आणि गेटसभांत झाले. परंतु या विषयाच्या पोटात एक प्रश्न असा आहे, की जो संघटनेची वर्गणी गोळा करत हिंडणाऱ्या माणसाला रोज भेटतो. माणसे नियम पाळतात ती नियम बुद्धीला पटतात म्हणून, की कोणावर किंवा कशावर तरी त्यांचा भरवसा बसलेला असतो म्हणून? पाश्चात्त्यांनी बुद्धाकडून नियम घेतले आणि भरवसा बाजूला ठेवला. तसे का झाले, आणि पुढे त्याचे काय झाले, ते पाहू.

सुरुवात पुण्यापासूनच करता येते. जे कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले, त्याचे प्राचार्य 1857 ते 1861 या काळात एडविन अर्नोल्ड नावाचे तरुण इंग्रज गृहस्थ होते. सत्तावनच्या धामधुमीत ते पुण्यास आले, संस्कृत शिकले, आणि हितोपदेशाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी 1861 मध्ये छापले. नंतर विलायतेस परत जाऊन ते वृत्तपत्राच्या धंद्यात शिरले, आणि 1879 साली त्यांनी ‘लाइट ऑफ एशिया’ हे बुद्धचरित्रपर काव्य प्रसिद्ध केले. इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या प्रती लाखांनी खपल्या. ज्या घरात बायबलाखेरीज दुसरे धर्मपुस्तक नव्हते त्या घरात हे पुस्तक गेले.

का गेले? त्या काळची इंग्लंडची मनःस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. डार्विनचा ग्रंथ 1859 मध्ये आलेला. बायबलातली सृष्ट्युत्पत्तीची कथा सुशिक्षितांना पटेनाशी झालेली. मात्र देव गेला तर नीतीही जाईल, मुले खोटे बोलू लागतील, गडी चोऱ्या करू लागतील, ही धास्ती घरोघर होती. अशा वेळी कोणी येऊन सांगितले, की ख्रिस्ताच्या आधी पाचशे वर्षे एका राजपुत्राने जगाच्या कर्त्यावाचूनच नीती शिकवली आणि कोट्यवधी माणसांनी ती मानली, तर त्या मंडळींना केवढा दिलासा वाटला असेल! बुद्ध त्यांना हवा होता तो साक्षीदार म्हणून. खटला त्यांच्या घरचा होता.

अर्थात हा साक्षीदार अर्नोल्डने शोधला नाही. काठमांडूस इंग्रजांचे वकील असलेले ब्रायन हॉजसन यांनी जमवलेली संस्कृत हस्तलिखिते 1837 मध्ये पॅरिसला पोहोचली आणि यूजेन ब्युर्नूफ यांनी ती वाचून 1844 मध्ये बौद्धधर्माच्या इतिहासावर आपला मोठा ग्रंथ काढला. ब्युर्नूफ कधी हिंदुस्थानात आले नाहीत. भिक्खूला भात वाढणारी बाई त्यांनी कधी पाहिली नाही. त्यांच्यापुढे कागद होते. त्या कागदांतून, ज्यात चमत्कार कमी आणि उपदेश जास्त तो भाग जुना व अस्सल, आणि ज्यात बोधिसत्त्वांचे मेळे, मंत्र, पूजा तो मागाहूनचा, अशी त्यांची निवड होती. ही निवड अगदीच निराधार होती असे आमचे म्हणणे नाही. पण तिच्यामुळे एक वळण पडले : खरा बौद्धधर्म पुस्तकात, आणि माणसे पाळतात तो बिघडलेला. पुढे 1860 मध्ये बार्तेलमी सँतिलेर यांनी लिहिताना बुद्धाच्या चारित्र्यापुढे मान तुकवली आणि त्याच्या तत्त्वज्ञानाला शून्याची उपासना म्हणून झिडकारले. म्हणजे शील उत्तम, बाकी सर्व टाकाऊ.

आमच्या धंद्यातला दाखला देतो. उद्या कोणी एखाद्या कामगार संघटनेचा इतिहास केवळ तिच्या घटनापुस्तिकेवरून लिहिला, तर काय होईल? सभासदत्वाच्या अटी कळतील, सर्वसाधारण सभा कधी बोलवायची ते कळेल. पण संपाच्या चाळिसाव्या दिवशी घरात दाणा नसताना माणूस गेटवर का उभा राहिला, हे त्या पुस्तिकेत कोठे सापडणार?

आता टॉमस ऱ्हीस डेव्हिड्स यांच्याकडे वळू, कारण पाश्चात्त्यांचा बुद्ध ज्याला म्हणतात त्याची बांधणी मुख्यतः त्यांच्या हातची. ते एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे चिरंजीव. वडिलांचा पंथ इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून निघालेला, बिशप न मानणारा. टॉमस 1864 मध्ये सिलोनच्या सरकारी नोकरीत लागले. न्यायाधीशाच्या खुर्चीवर असताना विहारासंबंधीचा एक दावा पुढे आला आणि पुराव्यात पालि भाषेतला कागद दाखल झाला. तो कोणालाच वाचता येईना. साहेबांनी मग यात्रामुल्ले नावाच्या भिक्खूपाशी बसून पालि शिकून घेतली. पुढे वरिष्ठांशी बिनसले, चौकशी बसली, रयतेकडून आणि हाताखालच्या लोकांकडून नियमाबाहेर दंड वसूल केल्याची तक्रार निघाली, आणि नोकरी गेली. बुद्धाची नीती जगाला समजावून देणारा पंडित दंडाच्या प्रकरणात घरी गेला, हे वाचून आम्हांस प्रथम हसू आले. ज्यांच्या पगारातून दंड कापले जातात त्यांच्यात आयुष्य गेल्यावर हसू येणारच. पण त्या माणसाची पुढची मेहनत पाहिली की हसू मावळते. 1881 मध्ये त्यांनी पालि टेक्स्ट सोसायटी काढली आणि त्रिपिटक रोमन लिपीत छापण्याचे काम जवळजवळ फुकट, पदरमोड करून चालवले.

त्यांच्या लेखनातला बुद्ध कसा आहे? शांत, विवेकी, यज्ञयाग आणि पुरोहित यांना दूर सारणारा सुधारक. ल्यूथरने पोपची मिरास मोडली, तसा बुद्ध ब्राह्मणांची मिरास मोडतो. नंतरच्या काळातले स्तूप, धातुपूजा, दिवे, फुले ही त्या धर्मावर चढलेली काजळी. प्रॉटेस्टंट घरातल्या मुलाने कॅथॉलिकांकडे ज्या नजरेने पाहावे, त्याच नजरेने साहेबांनी सिलोनच्या विहारांकडे पाहिले. अन् तरीही एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. सोसायटीला सुरुवातीच्या काळात ज्यांनी आगाऊ वर्गणी दिली, त्यांत सिलोनचे भिक्खू मोठ्या संख्येने होते. भिक्खूजवळ पैसा कोठला? तो त्यांच्या दायकांनी, म्हणजे त्याच दिवे लावणाऱ्या, फुले वाहणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि दुकानदारांनी दिलेला. बौद्धधर्मात श्रद्धेला फारसे स्थान नाही असे इंग्रज वाचकाला ज्या पुस्तकांवरून वाटू लागले, त्यांचा खर्च थोडाबहुत तरी श्रद्धेने सोसला होता!

येथे शब्दाचा घोटाळा आहे, तो उलगडला पाहिजे. ख्रिस्ती माणसासाठी श्रद्धा म्हणजे पुष्कळ अंशी एखादे विधान खरे मानणे : देव आहे, ख्रिस्त उठला, शेवटचा न्याय होणार. बुद्धाच्या उपदेशात अशी विधाने फार थोडी सापडली, तेव्हा तेथे श्रद्धाच नाही असा निष्कर्ष निघाला. पालि वाङ्मयातली ‘सद्धा’ निराळी आहे. वैद्यावर रोग्याचा, वाटाड्यावर प्रवाशाचा भरवसा असतो, त्या जातीची ती आहे. पाऊल टाकण्यापुरती ती लागते, आणि पाऊल टाकल्यावर अनुभवाने ती वाढते किंवा तुटते. सुत्तनिपातात एका नांगरणाऱ्या ब्राह्मणाशी बुद्धाचा संवाद आहे. त्यात बुद्ध स्वतःला शेतकरी म्हणवतो आणि आपल्या शेतीचे बियाणे म्हणून श्रद्धेचे नाव घेतो. नांगर, बैल, जू सगळे मागाहून येतात. बियाणे चांगले असले तरी नुसत्या बियाण्याने पीक येत नाही, हेही त्या संवादातच आहे.

हे ज्याने पुस्तकातून नव्हे तर अंगावर घेऊन शिकले, तो माणूस म्हणजे कर्नल हेन्री ऑल्कॉट. अमेरिकन वकील, लष्करातल्या लाचलुचपतीची चौकशी केलेला, हिशेबाचा पक्का. 1879 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे त्यांनी व मादाम ब्लाव्हाट्स्कींनी मुंबईस आणले. त्याआधी 1873 मध्ये सिलोनात पानदुरा येथे गुणानंद भिक्खू आणि पाद्री यांचा जाहीर वाद झाला होता. त्याचा इंग्रजी वृत्तान्त अमेरिकेत छापला गेला होता आणि तो कर्नलसाहेबांनी वाचला होता. मुंबईहून जहाजाने ते सिलोनला गेले आणि 25 मे 1880 रोजी गाल येथे त्या दोघांनी हजारो लोकांसमक्ष त्रिशरण-पंचशील घेतले. लोकांनी विहार दणाणून सोडला. गोऱ्या माणसाने आपल्या धर्माला शरण जावे, ही गोष्ट पाद्र्यांच्या शाळांनी खालच्या मानेने चालायला शिकवलेल्या लोकांना केवढी वाटली असेल याची कल्पना आपल्याला करता येते.

पण कर्नलसाहेबांच्या मते सिंहली लोकांना आपला धर्म ठाऊकच नव्हता. म्हणून 1881 मध्ये त्यांनी प्रश्नोत्तररूपाने एक पुस्तिका लिहिली, जशी पाद्री ख्रिस्ती मुलांसाठी लिहितात तशी. महास्थविर हिक्कडुवे सुमंगल यांचे प्रमाणपत्र हवे होते. ते निर्वाणाविषयीच्या उत्तरावर अडले. शब्द बदलले तेव्हा प्रमाणपत्र मिळाले. पुस्तिकेत सर्वत्र बुद्धी, कार्यकारणभाव, विज्ञानाशी मेळ. आणि पुढच्याच वर्षी काय घडले पाहा. ऑगस्ट 1882 मध्ये बौद्ध शाळांच्या फंडासाठी कर्नलसाहेब गाल येथे फिरत असताना कोर्नेलिस अप्पू नावाचा एक माणूस पुढे आला आणि त्याने अर्धा रुपया दिला. एक हात व एक पाय लुळा पडल्यामुळे जास्त देता येत नाही, माफ करा, म्हणाला. साहेबांना वाईट वाटले. त्यांनी त्याच्या अंगावरून हात फिरवले आणि बुद्धाचे नाव घेऊन बरा हो म्हटले. तो माणूस दुसऱ्या दिवशी आपणांस बरे वाटत असल्याचे सांगत आला, आणि मग जी रीघ लागली ती कित्येक महिने हटली नाही. धर्मात चमत्कार नको म्हणून पुस्तिका लिहिणारा मनुष्य सकाळपासून रात्रीपर्यंत रोग्यांवर हात फिरवीत बसला!

यात ढोंग होते असे आम्ही मानत नाही. इतिहासकार या प्रसंगाकडे गमतीने पाहतात; आमचे लक्ष त्या अर्ध्या रुपयाकडे जाते. ज्याने कधी पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडून पाहिले असेल, त्याला तो अर्धा रुपया कळेल. त्याच्यात पुस्तिकेतले एकही उत्तर नव्हते.

या अर्ध्या रुपयावाचून काय होते ते लंडनमध्ये दिसून आले. ॲलन बेनेट हा इंग्रज तरुण 1902 मध्ये ब्रह्मदेशात भिक्खू झाला आणि आनंद मेत्तेय्य या नावाने 1908 मध्ये मायदेशी धर्मप्रचारास आला. स्वागताला ग्रेट ब्रिटन व आयर्लंडची बौद्ध सोसायटी तयार होती. तिचे अध्यक्ष आपले ऱ्हीस डेव्हिड्सच. पण भिक्खूने पैशाला हात लावायचा नाही, दुपारनंतर जेवायचे नाही, मिळेल ते दुसऱ्याच्या हातून घ्यायचे. ब्रह्मदेशात हे नियम सोपे असतात, कारण पहाटे उठून भात शिजवणारे घर गल्लीगल्लीत असते. लंडनमध्ये बुद्धावर निबंध वाचणारे पुष्कळ होते. भात शिजवणारे नव्हते. दम्याने बेजार झालेला तो भिक्खू त्याच वर्षी परत फिरला. विनयाचे सगळे नियम कागदावर होते तसेच होते.

आता महाराष्ट्र-गोव्याच्या एका माणसाकडे येणे प्राप्त आहे. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी 1902 मध्ये सिलोनात गेले आणि त्याच सुमंगल महास्थविरांपाशी त्यांनी श्रामणेर-दीक्षा घेतली. खिशात पैसा नाही, इंग्रजी बेताचे, मराठी शाळेपुढचे शिक्षण स्वतःच्या जिद्दीने घेतलेले. हार्वर्डचे हेन्री वॉरन ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन अर्धवट टाकून 1899 मध्ये वारले होते; ते पुरे करण्यासाठी 1910 मध्ये कोसंबींना अमेरिकेत बोलावणे आले. दोन वर्षे खपून त्यांनी काम उरकले. परंतु पुस्तकावर संपादक म्हणून श्रेय कोणाला किती, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि कोसंबी परतले. काम कोणाचे आणि नाव कोणाचे हा तंटा आम्हांस चांगला परिचयाचा आहे, विद्यापीठात तो नसेल असे कोणी समजू नये. ग्रंथ छापून निघाला 1950 मध्ये; धर्मानंद 1947 मध्येच गेले होते. अमेरिकेतल्या त्या मुक्कामात ते समाजवादाची पुस्तके वाचू लागले, आणि पुढे मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभा केला.

ज्या ग्रंथासाठी एवढे झाले, त्या बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’त आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. श्रद्धा आणि प्रज्ञा यांचा तोल राखावा, असे आचार्य सांगतो. ज्याची श्रद्धा बळकट पण प्रज्ञा दुबळी, तो नको तेथे विश्वास ठेवून फसतो. हे तर युरोपातला कोणताही प्राध्यापक सांगेल. पण दुसरी बाजू ऐका : ज्याची प्रज्ञा बळकट पण श्रद्धा दुबळी, तो लबाडीकडे झुकतो, आणि औषधानेच झालेल्या रोगासारखा तो असाध्य होतो. पंधराशे वर्षांपूर्वीचे हे निदान आहे. आम्ही कामगारांचे पुढारी पुष्कळ पाहिले; कायद्याचे प्रत्येक कलम मुखोद्गत असलेला आणि माणसांवरचा विश्वास उडालेला पुढारी शेवटी कोणाच्या टेबलावर चहा पितो, हे सभागृहातल्या जाणत्यांना सांगायला नको.

पाश्चात्त्य देशांत त्या काळी श्रद्धेचा बौद्धधर्म अजिबात नव्हता असेही नाही. तो होता, पण पंडितांच्या नजरेआड, उसाच्या मळ्यांत. हवाई बेटांवर 1885 पासून जपानी मजूर करारावर नेले जात. त्यांच्यात जोदो शिन्शू पंथाचे पुष्कळ. शिनरान या तेराव्या शतकातल्या आचार्याच्या शिकवणीप्रमाणे माणसाने आपल्या पुण्याईवर विसंबू नये, अमिदा बुद्धाच्या वचनावर भार टाकावा आणि कृतज्ञतेने त्याचे नाव घ्यावे. नीती त्या कृतज्ञतेतून येते. आपल्याकडच्या नामस्मरणाशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. पालिपंडितांनी मात्र याला खरा बौद्धधर्म म्हणण्याचीच खळखळ केली. मळेवाल्यांना तो चालत असे. देवळाला ते जागा देत, देणगी देत, कारण मजूर शांत राहतात. 1904 मध्ये वाइपाहूच्या मळ्यात संप झाला तेव्हा धर्मगुरू इमामुरा यांनी जाऊन मजुरांना शांत केले. धर्म ही अफू आहे असे म्हणणाऱ्याला येथे पुरावा मिळतो, आणि तो आम्ही लपवणार नाही.

पण गोष्ट तेथे संपत नाही. 1920 मध्ये ओआहू बेटावर जपानी आणि फिलिपिनो मजुरांनी मिळून संप केला. दिवसाला 77 सेंट मिळत, मागणी सव्वा डॉलरची होती. मळेवाल्यांनी बारा हजारांवर माणसे, बायकापोरांसुद्धा, चाळींतून बाहेर काढली. त्यातच तापाची साथ. त्या वेळी बौद्ध देवळांनी दारे उघडली आणि बेघर झालेल्यांना आसरा दिला. तेच इमामुरा, इतर धर्मगुरूंबरोबर, मजुरांची मागणी रास्त आहे असे मळेवाल्यांना लिहून मोकळे झाले. संप जुलैत मागे घ्यावा लागला. काही महिन्यांनी मजुरी गाजावाजा न करता वाढवण्यात आली. ज्या श्रद्धेने 1904 मध्ये मान खाली घालायला लावली, तिनेच सोळा वर्षांनी छप्पर दिले. श्रद्धा कोणत्या बाजूला उभी राहील हे आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिला प्रज्ञेची जोड हवी असे बुद्धघोष म्हणत असावा.

लंडनमध्येही श्रद्धा मागल्या दाराने आलीच. ऱ्हीस डेव्हिड्सांच्या पत्नी कॅरोलिन या स्वतः मोठ्या विदुषी. त्यांचा वैमानिक मुलगा ऑक्टोबर 1917 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला, विसाव्या वर्षी. त्यानंतर त्या परलोकविद्येकडे वळल्या, आणि बुद्धाने आत्मा मुळीच नाकारला नव्हता, ती मागाहून भिक्खूंनी केलेली भर, असे आग्रहाने लिहू लागल्या. पतीच्या मागे 1942 पर्यंत सोसायटीची धुरा त्यांनीच वाहिली. विद्वानांनी त्यांची टर उडवली. आम्हांस ते जमत नाही. ज्या चित्रातून श्रद्धा खरवडून काढली होती, त्या चित्राजवळ पुत्रशोक झालेल्या आईला द्यायला काय होते?

डॉक्टर आंबेडकरांनी हे सगळे पाश्चात्त्य वाङ्मय पचवले होते. मॅट्रिक झाल्यावर 1907 मध्ये केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, तेथून सुरुवात. मद्रासचे विज्ञानाचे प्राध्यापक लक्ष्मी नरसू यांचा बुद्धिवादी ग्रंथ त्यांनी 1948 मध्ये प्रस्तावना लिहून पुन्हा प्रसिद्धीस आणला. त्यांच्या बुद्धाच्या हाती नीती आहे, विवेक आहे, चमत्कार नाहीत. येथवर ते ऱ्हीस डेव्हिड्सांचे शेजारी शोभतात. पण 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास त्यांनी नुसते पुस्तक वाटले नाही. वृद्ध भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले, मग लाखो लोकांना उभे करून स्वतः दिले, वर बावीस प्रतिज्ञा. शीलाच्या आधी शरण. एवढा बुद्धिवादी मनुष्य हा क्रम सोडत नाही, याचा विचार आमच्या बुद्धिवादी मित्रांनी करावा.

पाश्चात्त्यांनी त्यानंतर आणखी एक पायरी उतरली. 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी ध्यानवर्ग सुरू केला. बौद्ध शब्द हेतुपुरस्सर गाळले. रोग्यांना आराम पडला, त्याला आमचा आक्षेप नाही. परंतु तेथून ही ‘माइंडफुलनेस’ कंपन्यांत गेली, लष्करातही गेली. बुद्धाच्या आठ अंगांच्या मार्गात सम्यक् स्मृती सातवी. तिच्या आधी सम्यक् वाचा, सम्यक् कर्म, सम्यक् आजीव. म्हणजे पोट कशावर भरता, हा प्रश्न आधी. अर्नोल्डच्या पिढीने श्रद्धा गाळून शील तरी ठेवले होते. आता शीलही गाळले आणि श्वास तेवढा उरला. कामाचे तास कमी करा म्हटले की नाही म्हणायचे, आणि त्या तासांचा ताण सोसण्यासाठी श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवायचे. आपल्या शहरांतल्या काचेच्या इमारतींतही हे वर्ग भरतात, आणि तेथे नोकरी करणारी आमचीच मुले संध्याकाळी येऊन त्याची हकिकत सांगतात.

तेच ध्यान दुसऱ्या वाटेनेही तिकडे गेले आहे. ब्रह्मदेशात शिकलेले सत्यनारायण गोयंका यांनी 1969 मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेतले आणि 1976 मध्ये इगतपुरीस केंद्र उभे राहिले. आपण धर्मांतर करवीत नाही, कोणाकडून आंधळा विश्वास मागत नाही, असे ते सतत सांगत. पण दहा दिवसांचे शिबिर सुरू होते ते त्रिशरण आणि पंचशील घेऊन, आणि शुल्क आकारले जात नाही. आधी शिबिर पुरे केलेल्यांनी ठेवलेल्या दानातून नव्याचे जेवण होते. दहा दिवस पुरे झाल्यावाचून कोणाचे दान घेत नाहीत. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, शेलबर्न गावी, 1982 पासून याच रीतीचे केंद्र चालते. तेथे येणारा अमेरिकन पहिल्या दिवशी जे जेवण जेवतो, त्याचे पैसे कोणी दिले हे त्याला माहीत नसते.